‘स्ट्रिक्ट’ या शब्दाच्या आडोशाला



मागच्या अंकात आपण अर्ज लिहिताना लागणारे इंग्रजी शब्द पाहिले होते. या वेळी माणसाच्या कठोर वागण्याला इंग्रजीत कोणकोणते शब्द आहेत, ते पाहू. विषय मी निवडलेला नाही. तो एका सातवीतल्या मुलाच्या वहीतून आला आहे.

मी उर्दू आणि मराठी शिकवते, इंग्रजी माझा विषय नाही. आमच्या शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या सरांनी एके दिवशी मधल्या सुट्टीत एक वही माझ्यासमोर ठेवली. मुलांना ‘माय टीचर’ या विषयावर दहा वाक्ये लिहायला दिली होती. या मुलाने माझ्यावर लिहिले होते. नाव, विषय, ओढणीचा रंग सगळे बरोबर होते. आठवे वाक्य होते : ‘शी इज गुड बट हार्श.’

मी हसून म्हटले, “त्याला ‘स्ट्रिक्ट’ म्हणायचं असेल.” सर थोडे संकोचले. म्हणाले, “नाही मॅडम. त्यानं मला विचारलं होतं, ‘सर, टीचर अच्छे हैं मगर बात चुभती, उसकू इंग्लिश में क्या बोलते?’ मी दोन्ही शब्द फळ्यावर लिहून समजावले. त्यानं विचार करून हा निवडला.”

वीस वर्षे मी मुलांना सांगत आले आहे, योग्य जागी योग्य शब्द वापरा. त्या मुलाने तेच केले होते. वाचताना मात्र माझा चेहरा उतरला.

आता हे दोन शब्द आधी समजून घेऊ, कारण आपल्या घरांत सगळ्यात मोठा घोटाळा याच दोघांचा होतो.

‘स्ट्रिक्ट’ हा शब्द लॅटिन भाषेतून आला आहे. त्याच्या मुळाशी ‘आवळून बांधणे’ हा अर्थ आहे. बाजेची नवार सैल झाली की आपण ती ताणून आवळतो, म्हणजे झोपणारा खाली लोंबत नाही. आवळणे झोपणाऱ्याच्या सोयीसाठी असते. स्ट्रिक्ट माणसाचा नियम आधीपासून माहीत असतो, तो सगळ्यांना सारखा लागू असतो आणि नियम पाळला की गोष्ट तिथेच संपते. मराठीत आपण ‘कडक’ किंवा ‘शिस्तीचा’ म्हणतो, उर्दूत ‘सख्त’ किंवा ‘उसूल का पक्का’.

‘हार्श’ हा मुळात हाताला आणि जिभेला जाणवणारा शब्द. खरखरीत लागणारी वस्तू, तोंड वाकडे करायला लावणारी चव, अशा गोष्टींसाठी तो पूर्वी वापरत. आजही कपडे धुण्याची पावडर हाताला लागत असेल तर तिला हार्श म्हणतात. म्हणजे हार्श माणूस नियमावरून ओळखता येत नाही. समोरच्याला तो कसा लागतो, त्यावरून तो ओळखतात. मी स्वतःला कितीही स्ट्रिक्ट समजत असले, तरी मी हार्श आहे की नाही हे मी ठरवू शकत नाही. ते तो मुलगाच सांगू शकतो. त्याने सांगितले.

त्याच्याबद्दल मी काय बोलले होते, ते पुढे सांगते. आधी बाकीचे शब्द पाहू.

‘रूड’ हा मुलांच्या तोंडी सगळ्यात जास्त. मूळ अर्थ अनघड, न घडवलेला. ज्याला घडवून त्या अनघडपणातून बाहेर काढले, त्या विद्वानाला इंग्रजीत ‘इरुडाइट’ म्हणतात. दोन्ही शब्दांचे मूळ एकच. तेव्हा रूड माणूस वाईटच असतो असे नाही. त्याच्यावर संस्काराची रंधा फिरायची राहिलेली असते. आपल्याकडे ‘उद्धट’, ‘उर्मट’, ‘बदतमीज’. मोठ्यांना सलाम न करता पुढे जाणे, कोणी बोलत असताना मध्येच तोडणे, हे रूड. याला दम देऊन, समजावून सुधारता येते.

‘ब्लंट’ म्हणजे बोथट. गंमत अशी की तोंडावर स्पष्ट बोलणाऱ्याला इंग्रज बोथट म्हणतात आणि आपण म्हणतो, त्याची जीभ धारदार आहे! ‘फटकळ’ हा मराठी शब्द याच्या सगळ्यात जवळचा. ब्लंट माणसाच्या मनात आकस नसतो, फक्त बोलण्यावर वेष्टन नसते. आपल्या प्रत्येक खानदानात एखादी खाला किंवा फूफी अशी असतेच. लग्नघरात येते आणि सगळ्यांदेखत म्हणते, “बिर्याणीत मीठ कमी आहे.” खरे असते, पण सांगायची वेळ आणि रीत चुकते.

‘मीन’ या शब्दापाशी मुले अडखळतात, कारण त्यांना ‘व्हॉट डू यू मीन’ माहीत असते आणि गणितातला सरासरीचा ‘मीन’ माहीत असतो. वागण्याला लावला की त्याचा अर्थ होतो हलक्या मनाचा, मुद्दाम दुखावणारा. वर्गात नव्या मुलीला डब्याच्या गोलात बसू न देणे, दीर-जावांत एकीच्या मुलाला खाऊ देऊन दुसरीच्या मुलासमोर डबा बंद करणे, हे मीन. ‘कोत्या मनाचा’, ‘तंगदिल’, ‘कमजर्फ’ हे शब्द त्याच्या आसपास येतात. रूड माणसाला कळत नसते. मीन माणसाला सगळे कळत असते.

‘कॅलस’ म्हणजे हाताला पडलेला घट्टा. कुदळ मारून तळहाताची कातडी जाड होते आणि तिथे टोचलेले कळत नाही. मनाला घट्टे पडले की माणूस कॅलस होतो. मराठीत ‘निबर’ म्हणतात, उर्दूत ‘बेहिस’. दवाखान्यात रडणाऱ्या बाईकडे न बघता “पुढचा नंबर” म्हणणारा माणूस दुष्ट असेलच असे नाही. रोज रडणे बघून त्याला घट्टे पडलेले असतात. वीस वर्षे शिकवणाऱ्या शिक्षकालाही ते पडतात, हे मी आता शिकले.

‘क्रुएल’ हा या सगळ्यांतला सगळ्यात जड शब्द. लॅटिनमधल्या ‘कच्चे, रक्ताळलेले’ अशा अर्थाच्या शब्दाशी त्याचे नाते आहे आणि आपल्या ‘क्रूर’चे मूळही त्याच फार जुन्या घराण्यातले. म्हणजे मराठी ‘क्रूर’ आणि इंग्रजी ‘क्रुएल’ हे दूरचे चुलतभाऊ. उर्दूत ‘बेरहम’, ‘जालिम’. इथे मराठी-उर्दू दोन्ही बोलणाऱ्यांनी सांभाळायला हवे. उर्दूतला ‘जालिम’ म्हणजे जुलूम करणारा. मराठीत आल्यावर मात्र तो ‘जालीम औषध’, ‘जालीम उपाय’ असा गुणकारी झाला. जुलूम करणाऱ्याचे नाव आपण औषधाला दिले! “कडक वागलं तरच सुधारतात” असे म्हणत आपण घराघरांत जे करतो, त्याचे गुपित कदाचित या एका शब्दात दडलेले असेल.

शेवटचा शब्द ‘सार्कॅझम’, म्हणजे टोमणा, ताना. हा ग्रीक भाषेतून आला आहे आणि त्याच्या मुळाशी ‘मांस ओरबाडणे’ असा अर्थ आहे. हे वाचले तेव्हा मला सूरह हुजुरात आठवली. त्यातल्या अकराव्या आयतीत थट्टा करणे, टोमणे मारणे आणि वाईट नावाने हाक मारणे या तिन्ही गोष्टींना एकत्रच मनाई आहे. लगेच पुढच्या आयतीत गीबतची तुलना मेलेल्या भावाचे मांस खाण्याशी केली आहे. हजार कोसांवरच्या दोन भाषा. पण बोलण्याने माणसाचे मांस तुटते, हे दोन्हींना ठाऊक होते.

सूरह आले इमरानच्या 159 व्या आयतीतही कठोरपणासाठी दोन वेगळे शब्द आले आहेत. लोक प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांच्याभोवती का टिकून राहिले, ते तिथे सांगितले आहे. एक शब्द ‘फज्ज’, म्हणजे वागण्या-बोलण्यात खरखरीत. दुसरा ‘गलीजुल्‌कल्ब’, म्हणजे मनाने कठोर. एक वरचा कठोरपणा, दुसरा आतला. इंग्रजीत पहिल्याजवळ हार्श येतो, दुसऱ्याजवळ कॅलस. आपण दोघांनाही ‘गुस्सेवाले हैं’ म्हणून मोकळे होतो.

आता प्रश्न असा, की एवढे शब्द हवेत कशाला? ‘सख्त’ म्हटले की समजत नाही का?

नाही समजत. शब्द मापाचा नसला की दोन गोष्टी होतात. कधी लहान गोष्टीला मोठा शब्द लागतो, कधी मोठ्या गोष्टीला लहान.

पहिली गोष्ट आमच्याच घरातली. माझी मुलगी नववीत आहे. परीक्षेच्या दिवसांत मी तिचा मोबाइल कपाटात ठेवला, तर म्हणाली, “अम्मी, यू आर सो टॉक्सिक.” हा शब्द आता मोबाइलमधून प्रत्येक घरात पोहोचला आहे. 2018 साली ऑक्सफर्डच्या शब्दकोशवाल्यांनी त्याला वर्षाचा शब्द म्हणून निवडले होते. ग्रीक भाषेत बाणाला लावायच्या विषासाठी जो शब्द होता, त्यातून तो आला. मी तिला समोर बसवून विचारले, “नियम आधी सांगितला होता का?” “हौ.” “परीक्षा संपली की मोबाइल परत मिळणार हे माहीत आहे का?” “हौ.” “मग हे विष आहे की नवार आवळली?” ती हसली. मी तिला सांगितले, ‘स्ट्रिक्ट’ म्हण, मी ऐकून घेईन. विषाचा शब्द राखून ठेव. ज्या दिवशी खरेच विष समोर येईल, त्या दिवशी तो लागेल आणि तेव्हा लोकांनी तुझ्यावर विश्वास ठेवायला हवा.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. माझी एक जुनी विद्यार्थिनी लग्नानंतर माहेरी आली होती. भोकरच्या बाजारात भेटली. मी खुशाली विचारली. ती म्हणाली, “सब ठीक है टीचर. उनो जरा स्ट्रिक्ट हैं, बस.” मग हळूहळू कळले. आईला फोन करायचा तर परवानगी. मेहरमधला दागिना गहाण ठेवला, विचारले नाही. भाजीत मीठ जास्त झाले म्हणून पाहुण्यांसमोर ताट सरकवले. मूल होत नाही म्हणून रोज एक टोमणा. काही बोलली तर “मैंने ऐसा कब कहा? तेरा दिमाग खराब है.” हात कधी उचलला नाही, असे ती नवऱ्याच्या बाजूने मला सांगत होती.

यातल्या एका गोष्टीलाही ‘स्ट्रिक्ट’ हा शब्द लागत नाही. समोरचा माणूस बोललेले नाकारून आपल्यालाच वेडे ठरवू लागतो, त्याला इंग्रजीत ‘गॅसलाइटिंग’ म्हणतात. 1938 सालच्या ‘गॅस लाइट’ या नाटकावरून हा शब्द आला. त्यात नवरा घरातल्या गोष्टी मुद्दाम बदलतो आणि बायकोला सांगतो, काही बदलले नाही, तुलाच भास होतात. बाकी सगळ्याला कायद्यात शब्द आहे ‘क्रुएल्टी’. मराठी वर्तमानपत्रांत त्याचे ‘विवाहितेचा छळ’ होते.

आपल्या बहिणींना हे माहीत असायला हवे. 1939 साली मुस्लिम विवाह विच्छेद कायदा झाला. त्याआधीच मौलाना अशरफ अली थानवी यांनी अडचणीत सापडलेल्या स्त्रियांना निकाहमधून मोकळे होण्याचा शरई मार्ग दाखवणारे ‘अल-हीलतुन नाजिजा’ हे पुस्तक लिहिले होते. या कायद्याच्या दुसऱ्या कलमात पत्नी कोणत्या कारणांवरून न्यायालयाकडे विवाह विच्छेद मागू शकते, त्याची यादी आहे. त्यात ‘क्रुएल्टी’चा अर्थ फोड करून दिला आहे. सवयीने मारहाण करणे तर आहेच, पण मारहाण नसली तरी वागण्याने तिचे जगणे हलाखीचे करणे, हेही त्यात आहे. तिची मालमत्ता परस्पर विकणे किंवा तिच्या हक्काआड येणे, तिच्या धर्मपालनात अडथळा आणणे, एकाहून अधिक बायका असतील तर कुरआनच्या आदेशाप्रमाणे बरोबरीने न वागवणे, हेही क्रुएल्टीच. तेव्हा भोकर निजामाच्या राज्यात होते. म्हणजे कायद्याच्या पुस्तकाने ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी सांगितले की हात न उचलताही माणूस क्रूर असू शकतो. आपण मात्र आजही “हाथ तो नहीं उठाता ना?” एवढेच विचारतो.

2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने हे आणखी स्पष्ट केले. त्यात ‘शाब्दिक आणि भावनिक छळ’ असा वेगळा प्रकार आहे. अपमान, चेष्टा, नावे ठेवणे आणि विशेषतः मूल नाही किंवा मुलगा नाही यावरून हिणवणे, हे त्यात लिहिलेले आहे. हा कायदा सगळ्या धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे. बाजारात उभ्या राहून त्या मुलीने मला जे सांगितले, ते जवळजवळ तसेच्या तसे कायद्यात छापलेले आहे. तिच्याजवळ फक्त शब्द नव्हता. ‘स्ट्रिक्ट’ या शब्दाच्या आडोशाला सगळे झाकून ती जगत होती. आई विचारायची, “कसा आहे जावई?” आणि उत्तर यायचे, “स्ट्रिक्ट.” आईला वाटायचे, चला, शिस्तीचा आहे.

मी तिला घर मोड म्हणाले नाही. एवढेच म्हणाले, अम्मीला हा शब्द सांगू नकोस, काय काय घडले ते सांग. त्याच संध्याकाळी तिने सांगितले. आता दोन्ही घरचे वडीलधारे बसले आहेत. पुढे काय होईल ते अल्लाह जाणे. पण आता निदान जे घडले त्यावर बोलणे चालले आहे.

आणखी एक शब्द शिकणाऱ्या मुलामुलींच्या पालकांसाठी : ‘बुली’. शब्दाचा प्रवास विचित्र आहे. सोळाव्या शतकात इंग्रजीत बुली म्हणजे ‘प्रिय, लाडका’. शेक्सपिअरच्या नाटकातही तो या अर्थाने येतो. हळूहळू तो दांडगाई करणाऱ्याला लागला. मुलांच्या भांडणात प्रत्येक वेळी ‘बुली’ म्हणून चालत नाही. डॅन ओल्वेयस या अभ्यासकाने 1970 च्या दशकात स्वीडन-नॉर्वेच्या शाळांतून या विषयाचा पाया घातला. त्याच्या मांडणीतून तीन खुणा मिळतात : मुद्दाम करणे, पुन्हा पुन्हा करणे आणि ताकदीत फरक असणे. दोन बरोबरीची मुले एकदा भांडली तर ते भांडण. तीन मोठी मुले एका लहानग्याला रोज एका नावाने चिडवत असतील तर ते बुलिंग. ताकद शरीराचीच हवी असे नाही. वयाची, वर्गाची, जातीची, पैशाची, संख्येची कोणतीही चालते.

महाविद्यालयात याचेच नाव रॅगिंग. महाराष्ट्रात 1999 पासून त्याविरुद्ध कायदा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. तरी 2019 च्या मे महिन्यात मुंबईच्या नायर रुग्णालयात आपण डॉ. पायल तडवी यांना गमावले. जळगावची तडवी भिल्ल समाजातली ही मुस्लिम मुलगी स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत होती. तीन वरिष्ठ डॉक्टरांनी जातीवरून हिणवले, इतरांसमोर अपमान केले, असा आरोप कुटुंबाने केला. प्रकरण न्यायालयात गेले, त्याचा निवाडा तिथे होईल. तिच्या आई आबेदा तडवी यांनी रोहित वेमुलाच्या आई राधिका यांच्यासह सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, की कॉलेजांतला भेदभाव थांबवा. मुलीला बाहेरगावी शिकायला पाठवणाऱ्या आपल्यासारख्या घरांनी यातून एक धडा घ्यावा. मुलगी फोनवर “सीनिअर्स थोडे रूड आहेत” म्हणाली तर “सहन कर, शिकून घे” म्हणून फोन ठेवू नका. विचारा : रूड म्हणजे काय केले? एकदा की रोज? कोणासमोर? तिच्याजवळ कदाचित लहान शब्दच असेल.

आता माझ्या वहीकडे येते.

त्या मुलाचे वडील रस्त्याकडेला पंक्चरचे दुकान चालवतात. मेहनती माणूस आहे, फी-वह्या कधी थकवल्या नाहीत. श्रुतलेखनात मुलाने ‘सबक’ शब्दात बड्या काफऐवजी छोटा काफ लिहिला, तोही तिसऱ्यांदा. मी वही हातात धरून सगळ्या वर्गासमोर म्हणाले, “रहने दो, पंक्चर निकालने को इतनी उर्दू काफी है.” वर्ग हसला. मुलगाही हसला. मी ते विसरूनही गेले होते.

आपल्या मुलांना बाहेरचे लोक याच धंद्यावरून हिणवतात, हे तुम्हालाही ठाऊक आहे. मोबाइलवर ते आपण वाचतो आणि आपले रक्त तापते. तेच वाक्य मी, त्याच्याच माणसाने, त्याच्याच शाळेत, त्याच्याच भाषेत बोलले. काफ चुकला म्हणून पुन्हा लिहायला लावणे स्ट्रिक्ट झाले असते. “तीनदा सांगितलं, लक्ष कुठे असतं?” म्हणून खेकसणे हार्श झाले असते. मी केला तो सार्कॅझम होता, ओरबाडणे. मुलाने सौम्य शब्द लिहून माझी लाज राखली होती.

शिक्षण हक्क कायद्याचे 17 वे कलम मी बी.एड. झालेली शिक्षिका म्हणून पाठ सांगू शकते : बालकाला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक त्रास देता येणार नाही. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांत मानसिक त्रासाची फोडही आहे. दुखावणारे टोमणे, अपमानकारक विशेषणे आणि आईवडिलांच्या व्यवसायावरून चेष्टा, हे सगळे त्यात आहे. छडी सोडून मला कित्येक वर्षे झाली होती. मला वाटत होते, मी कायद्यात बसते.

हजरत अनस (रजि.) यांनी प्रेषितांची (सल्ल.) दहा वर्षे सेवा केली आणि त्या काळात प्रेषितांनी त्यांना कधी ‘उफ’देखील म्हटले नाही, ही हदीस मी दरवर्षी वर्गात शिकवते. त्या वेळी अनसही लहान मुलगाच होते.

दुसऱ्या दिवशी मी त्याच वर्गात, सगळ्यांसमोर माफी मागितली. एकट्यात बोलावून मागणे सोपे होते, पण अपमान सगळ्यांसमोर झाला होता. मी म्हणाले, “मैंने उस दिन अब्बा के काम का मजाक उड़ाया. वो गलत था. मेरी गलती थी.” ‘अगर बुरा लगा हो तो’ असे म्हणाले नाही. असे म्हटले की चूक पुन्हा मुलाच्या अंगावर जाते. तो काही बोलला नाही, बाकाकडे बघत राहिला. मधल्या सुट्टीत वही घेऊन आला. श्रुतलेखन पुन्हा लिहून आणले होते. दोन ठिकाणी छोटा काफ तसाच होता. मी दोन्ही शब्दांना गोल केला आणि म्हटले, “ये दो फिर से, दस-दस बार.” तो “जी टीचर” म्हणून गेला. एवढे स्ट्रिक्ट राहायला मला परवानगी आहे.

या महिन्याचा गृहपाठ. जेवणानंतर दस्तरख्वानवरून उठण्याआधी घरातल्या प्रत्येकाने एकच गोष्ट सांगायची : या आठवड्यात मला कोणाचे कोणते वाक्य टोचले. ‘तू अशी आहेस’, ‘तो तसाच आहे’ असे म्हणायचे नाही. माणसाला विशेषण लावू नका. ‘तू हे बोललास, ते मला असे लागले’ एवढेच. मोठ्यांनी मध्ये बोलायचे नाही, सफाई द्यायची नाही. मग सगळ्यांनी मिळून वरच्या शब्दांतून नेमका शब्द शोधायचा. रूड होते की मीन? स्ट्रिक्ट होते की हार्श? सुरुवात अब्बांनी किंवा अम्मींनी स्वतःवर ऐकून घेऊन करावी. लहानांवरून सुरुवात केली तर त्याची पुन्हा शाळाच होईल.

आणि कोणाच्या तोंडून या शब्दांपेक्षा मोठे काही निघाले, तर हे क्रमांक जवळ ठेवा : मुलांसाठी 1098, स्त्रियांसाठी 181, तातडीच्या मदतीला 112, मोफत कायदेशीर सल्ल्यासाठी 15100 आणि रॅगिंगसाठी 1800-180-5522.

तुमच्या घरात कोणता शब्द निघाला, ते जरूर कळवा. पुढच्या अंकात याच्या उलट बाजूचे, म्हणजे नरमाईचे शब्द घेऊ. ते मलाही शिकायचे आहेत.

खुदा हाफिज.